न लिहिलेला नियम

लंडनच्या पश्चिमेला थेम्स नदीच्या काठी वसलेले मेडनहेड हे इसांबार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेल्या आणि १८३९ मध्ये खुल्या झालेल्या रेल्वे पुलासाठी ओळखले जाते, आणि चित्रकार टर्नरच्या १८४४ सालच्या पाऊस-वाफेच्या प्रसिद्ध चित्रातील आगगाडी याच पुलावरून धावते असे मानले जाते. पुलाच्या दोन मुख्य कमानींचा गाळा प्रत्येकी १२८ फुटांचा असून त्यांची उंची मात्र जेमतेम २४ फूट आहे. विटांची इतकी पसरट कमान तग धरील यावर तेव्हाच्या अनेक जाणकारांचा विश्वास नव्हता. हा आकार ब्रुनेलच्या हौसेपोटी आला नव्हता. नौकांचा मार्ग आणि काठाने नावा ओढण्याची वाट यांत अडथळा येता कामा नये ही थेम्स कमिशनर्सची अट होती, तर लोहमार्गाचा चढ अत्यंत सौम्य ठेवायचा असल्याने पूल उंच नेण्याची सोय नव्हती. कमिशनर्सनी पूल कसा बांधावा हे सांगितले नाही. काय मोकळे राहिले पाहिजे एवढेच सांगितले, आणि बाकीचा भार अभियंत्यावर टाकला.

सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या आरंभी जे तांत्रिक तपशीलपत्र लिहिले जाते, ज्याला या व्यवसायात स्पेसिफिकेशन किंवा नुसते ‘स्पेक’ म्हणतात, त्यात नेमकी हीच सीमा वारंवार पुसली जाते: प्रणालीने काय केले पाहिजे हे लिहिण्याऐवजी ग्राहक पडद्यावरील बटणाचा रंग ठरवतो, आणि नोंद अर्धवट राहिली असताना वीज गेली तर काय व्हावे, हे मात्र कोणीच लिहीत नाही. अशा लेखनाचे मोल आणि त्यातील धोके समजून घ्यायचे, तर जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या फोनमध्ये आज ज्याच्या फायली आहेत, त्या पीडीएफच्या तपशीलपत्राइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. हे तपशीलपत्र जिने घडवले त्या अ‍ॅडोबी कंपनीचे ब्रिटनमधील कार्यालय बरीच वर्षे मेडनहेडच्या मार्केट स्ट्रीटवर होते, तरी दस्तऐवज घडला तो अर्थातच कॅलिफोर्नियात.

अ‍ॅडोबीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमेलॉट’ नावाच्या टिपणात अशी कल्पना मांडली की कोणत्याही संगणकावर तयार झालेले पान दुसऱ्या कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे दिसावे आणि छापले जावे. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ अवतरले आणि त्याच वर्षी त्याचे तपशीलपत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. स्वतःच्या मालकीच्या फाइलची रचना अशी उघड करणे हा धंद्याच्या दृष्टीने धाडसाचा निर्णय होता, परंतु त्यामुळेच इतरांनाही पीडीएफ लिहिणारी आणि वाचणारी सॉफ्टवेअरे बनवता आली. पुढे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, त्याची १.७ ही आवृत्ती आयएसओ ३२००० या क्रमांकाखाली स्वीकारली, आणि २०१७ मध्ये आलेली २.० ही संपूर्णपणे आयएसओच्या समितीत घडलेली पहिली आवृत्ती ठरली.

या तपशीलपत्रातील काटेकोरपणा पाहण्यासाठी एकच नियम पुरेसा आहे. फाइलमधील प्रत्येक घटक, मग तो पान असो, चित्र असो की फाँट, आरंभापासून कितव्या बाइटवर सुरू होतो याची सूची पारंपरिक पीडीएफच्या शेवटी असते, आणि या सूचीतील प्रत्येक नोंद बरोबर वीस बाइटची असली पाहिजे असे तपशीलपत्र सांगते: दहा अंकी स्थान, एक मोकळी जागा, पाच अंकी आवृत्तीक्रमांक, पुन्हा मोकळी जागा, नोंद वापरात आहे की नाही हे दाखवणारे एक अक्षर आणि ओळ संपल्याची दोन चिन्हे. वरवर हट्टी वाटणाऱ्या या अटीमागे हिशेब आहे, कारण नोंदींची लांबी समान असली की पाचशेवी नोंद शोधण्यासाठी आधीच्या चारशे नव्व्याण्णव वाचाव्या लागत नाहीत, गुणाकार करून थेट तिथे पोहोचता येते, आणि हजार पानांच्या फाइलमधील मधलेच पान पटकन उघडते.

याच तपशीलपत्रात एक मोठी फट मात्र राहून गेली. फाइलची पहिली ओळ ती पीडीएफ असल्याचे आणि आवृत्ती कोणती हे सांगणारी असावी हा मूळ नियम होता. परंतु अ‍ॅडोबीचे स्वतःचे अ‍ॅक्रोबॅट हे वाचक-सॉफ्टवेअर ही ओळ पहिल्या १०२४ बाइटमध्ये कुठेही सापडली तरी फाइल उघडत असे, आणि ही सवलत अ‍ॅडोबीच्या संदर्भग्रंथात परिशिष्टातील टिपेपुरती नोंदलेली होती. सदोष फायली तयार करणाऱ्यांना त्यामुळे आपला दोष कधी कळलाच नाही, कारण अ‍ॅक्रोबॅटमध्ये फाइल उघडली की काम झाले असेच सारे धरून चालत. तपशीलपत्राबरहुकूम वागणारे दुसरे सॉफ्टवेअर तीच फाइल नाकारी, तेव्हा ग्राहकाच्या लेखी दोषी तेच ठरे. आयएसओ मानकातून या टिपा गळाल्या, पण तोवर ही सवलत न लिहिलेल्या नियमासारखी सर्वांना पाळावी लागत होती. वेब पानांच्या भाषेबाबत, म्हणजे एचटीएमएलबाबत, हाच पेच अधिक बिकट झाला होता. मात्र २०१४ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल-५ च्या कर्त्यांनी चुकीचे पान आले तर ब्राउझरने पायरीपायरीने काय करावे हेही लिहून टाकले. हे लेखन कमालीचे रूक्ष आहे, तरीही ते पीडीएफच्या मार्गापेक्षा शहाणपणाचे म्हटले पाहिजे.

दुसरी फट क्रियापदांतली आहे. मानकांच्या भाषेत ‘असलेच पाहिजे’, ‘असावे’ आणि ‘असू शकेल’ या तीन पायऱ्या काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात: पहिली मोडली तर फाइल मानकाबाहेर जाते, दुसरी ही शिफारस असते आणि तिसरी निव्वळ मुभा. इंटरनेटच्या मानकांसाठी या शब्दांचे अर्थ १९९७ मध्ये आरएफसी २११९ या स्वतंत्र टिपणाने बांधून दिले. पीडीएफच्या डिजिटल स्वाक्षरीबाबत आयएसओ मानक म्हणते की स्वाक्षरीने, तिचे स्वतःचे मूल्य वगळता, संपूर्ण फाइल व्यापलेली ‘असावी’, म्हणजे तशी शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय फाइलच्या शेवटी नवी भर घालण्याची मुभा आधीपासून आहेच. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की तपासलेल्या बहुतेक वाचक-सॉफ्टवेअरांना फसवून, मजकूर बदललेली फाइलही वैध स्वाक्षरीची भासवता येते. स्वाक्षरी पडताळावी कशी, याची बिनचूक कृती मानकात नसणे हे त्याचे एक कारण होते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यानंतर हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही.

मराठी वाचकाला मात्र या तपशीलपत्राचा चटका बसतो तो वेगळ्याच जागी. एखादा शासन निर्णय पीडीएफमध्ये सुबक दिसतो, पण त्यातील परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की वेलांट्या भलत्या अक्षरांवर जातात आणि रफार सुटा पडतो. याचे मूळ असे की पीडीएफ प्रामुख्याने अक्षराचा आकार पानावर कोठे काढायचा हे नोंदवते, ते अक्षर कोणते हे सांगणे त्यावर सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या समाईक अक्षरसंकेतात, आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते, पानावर मात्र वेलांटी आधी काढली जाते. ‘कार्य’मधील रफार साठवणीत ‘य’च्या आधी येतो आणि दिसतो त्याच्या डोक्यावर. आकारावरून युनिकोड अक्षर सांगणारा तक्ता पीडीएफमध्ये जोडता येतो, परंतु तो आकारागणिक चालत असल्याने क्रमाची ही उलथापालथ त्याने सुटत नाही. त्यासाठी मजकुराच्या तुकड्याला त्याचे खरे लेखन चिकटवण्याची वेगळी सोय २००१ च्या १.४ आवृत्तीपासून आहे, पण तीही ऐच्छिक.

म्हणून एखाद्या नगरपालिकेने किंवा ग्रंथालयाने संकेतस्थळाचे काम देताना ‘सर्व मजकूर युनिकोडमध्ये असावा’ एवढेच लिहिले, तर कंत्राटदार ती अट तंतोतंत पाळूनही निरुपयोगी पीडीएफ देऊ शकतो, कारण टंकलेला मजकूर युनिकोड असला तरी पीडीएफ होताना तो आकारांत बदलतो. त्याऐवजी प्रणालीने बनवलेल्या पीडीएफमधून उचललेला मजकूर मूळ मजकुराशी अक्षरशः जुळलाच पाहिजे, आणि ही तपासणी ‘निश्चित’, ‘कार्यवाही’, ‘दुर्मिळ’, ‘तऱ्हा’ असे शब्द असलेल्या ठरावीक नमुना पानांवर, दोन वेगवेगळ्या वाचक-सॉफ्टवेअरांत, देयक मंजूर होण्यापूर्वी केली जाईल, असे कलम निविदेत घालावे लागते.