सात दिवसांत चावीवाला? फी भरण्याआधी हे वाचा

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी शाळेत आली. मुलगा बारावीनंतर दोन वर्षं घरीच होता. त्यानं मोबाईलवर जाहिरात पाहिली, 'सात दिवसांत चावीवाला बना, महिन्याला पन्नास हजार कमवा.' फी ३५,००० रुपये, मशीनचे पैसे वेगळे. अम्मीनं भिशीचे पैसे उचलले, कमी पडले म्हणून कानातलं गहाण ठेवलं. मुलगा सात दिवस शहरात राहून फ्रेम केलेलं सर्टिफिकेट घेऊन आला.

तिसऱ्याच आठवड्यात तो ओळखीतल्या एकाच्या कारची दुसरी चावी बनवायला गेला. काम अर्ध्यावर अडकलं आणि त्यानंतर गाडी मूळ चावीनंही सुरू होईना. शेवटी टोचन करून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. खर्च अर्थातच याच्या घरानं भरला. "सर, भिशी का पैसा भी गया और इज्जत भी," असं म्हणून ती माऊली रडली.

मुलगा आळशी नाही की बेइमान नाही. पण चूक नेमकी कुठे झाली, हे त्याला सांगता येत नव्हतं. कोणतं बटण दाबायचं ते त्याला शिकवलं होतं, का दाबायचं ते शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी दोन-तीन जुन्या चावीवाल्यांकडे जाऊन बसलो आणि हा हुनर समजून घेतला. जे कळलं ते आपल्या घरांपर्यंत पोहोचावं म्हणून लिहितोय.

हा धंदा नेमका कशाचा?

आपल्याला वाटतं, चावीवाला म्हणजे बंद कुलूप उघडणारा. प्रत्यक्षात त्याच्या दिवसभराच्या कामात कुलूप उघडणं थोडंच असतं. जास्त काम असतं ते चावीची डुप्लिकेट काढणं, अडकणारं कुलूप दुरुस्त करणं, कपाटाचं हँडल बसवणं, दाराचं जुनं लॉक काढून नवीन लावणं आणि मोटारसायकलचं लॉक-सेट बदलणं. म्हणजे निम्मं काम फिटरचं आणि थोडं सुताराचं.

आता कुलपाच्या आत काय असतं ते बघू. सिलिंडरच्या कुलपात छोट्या पिना एका ओळीत उभ्या असतात आणि त्यांच्यावर स्प्रिंग असते. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते. योग्य चावी आत गेली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि सिलिंडर फिरतो. अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात या रचनेची पेटंट घेतली. आज आपल्या दारांना असणारी बरीच लॉक त्याच तत्त्वावर चालतात. जाड कुलपांत आणि लोखंडी कपाटांत बऱ्याचदा पिनांऐवजी पितळी किंवा लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. या पट्ट्या ठरावीक उंचीपर्यंतच उचलल्या गेल्या पाहिजेत. कमी उचलल्या तरी अडलं आणि जास्त उचलल्या तरी अडलं.

म्हणून चावीच्या खाचेत केसाएवढा फरक पडला तरी चालत नाही. तो फरक हाताला कळावा लागतो. कानस किती दाबायची आणि कुठे थांबायचं, हे सांगून समजत नाही. शेकडो चाव्या घासल्यावरच ते हातात येतं.

जरा हिशेब मांडू

मी गणित शिकवतो, त्यामुळे सवयीनं हिशेब केला. समजा कोर्स पाच दिवसांचा आहे आणि रोज सहा तास, म्हणजे एकूण ३० तास. वर्गात १५ मुलं आणि मशीन दोन. दोन्ही मशीन पूर्ण वेळ चालल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला येतात ४ तास. त्यातून भाषण, चहा आणि फोटो वजा करा.

याच्या शेजारी आयटीआयचा फिटरचा अभ्यासक्रम ठेवून बघा. तो दोन वर्षांचा आहे आणि सुरुवातीच्या काळात मुलांकडून मापं घेणं, खुणा करणं आणि कानस मारणं हेच घटवून घेतात. धातूवर हात बसायला इतका वेळ लागतो. मग चार तासांत काय होणार?

वर्गातलं कुलूप आणि दारावरचं कुलूप

अशा कोर्समध्ये बऱ्याचदा पारदर्शक प्लास्टिकचं सरावाचं कुलूप देतात. आतल्या पिना दिसतात आणि ते पटकन उघडतं. मुलगा खूश, व्हिडिओ तयार. पण सरावाचं कुलूप मुद्दाम ढिलं केलेलं असतं आणि ते हातात धरून उघडायचं असतं.

खरं कुलूप दारात घट्ट बसलेलं असतं. पावसाळ्यात दार फुगतं. कोकणात खाऱ्या हवेनं आतली स्प्रिंग गंजते. मराठवाड्यात धूळ बसते. एखाद्या कुलपात आधीच कुणीतरी चावी मोडून ठेवलेली असते. वर ग्राहक, त्याची बायको आणि शेजारी असे सगळे उभे राहून बघत असतात. उस्तादाच्या शेजारी बसलेल्या शागिर्दाला ही सगळी परिस्थिती रोज बघायला मिळते. वर्गातल्या मुलाला ती पहिल्यांदा दिसते तेव्हा तो एकटा असतो.

कारच्या चावीचा सापळा

जाहिरातीत सगळ्यात जास्त पैसा दाखवतात तो कारच्या चावीत, आणि नुकसानही तिथेच सगळ्यात मोठं होतं. बऱ्याच गाड्यांच्या चावीत एक छोटी चिप असते. चावी लावली की गाडी त्या चिपचा कोड तपासते. कोड जुळला नाही तर इंजिन सुरू होत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. म्हणजे चावीचे दात बरोबर कापले तरी काम निम्मंच झालेलं असतं. उरलेलं निम्मं काम मशीन गाडीला जोडून करावं लागतं.

इथे तीन गोष्टी कोर्सवाले सहसा सांगत नाहीत. पहिली, अनेक गाड्यांमध्ये नवीन चावी नोंदवताना जुन्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसली जाते आणि प्रत्येक चावी पुन्हा नोंदवावी लागते. काम मध्येच थांबलं तर मूळ चावीही चालत नाही. आमच्या मुलाचं बहुधा हेच झालं असावं. दुसरी, काम चालू असताना गाडीच्या बॅटरीचा दाब उतरला तर गाडीतल्या कंट्रोल युनिटमधली माहिती बिघडू शकते. जाणता कारागीर आधी बॅटरी तपासतो. तिसरी, मशीन एकदा घेतली की झालं असं नसतं. नवीन मॉडेल येत राहतात, त्यासाठी मशीनला अपडेट लागतात आणि त्यांचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. स्वस्त नकली मशीनचं अपडेट कधी बंद पडेल याचा भरवसा नाही.

आणखी एक बघा. काही ठिकाणी फी कमी असते, पण शेवटच्या दिवशी 'किट' घ्यावंच लागतं. तिथे खरा धंदा शिकवण्याचा नसतो, मशीन विकण्याचा असतो.

सर्टिफिकेटवरचे शिक्के

सर्टिफिकेटवर 'आयएसओ', 'एमएसएमई रजिस्टर्ड' असं ठळक लिहिलेलं असतं आणि आपली माणसं त्याला सरकारी समजतात. एमएसएमईची उद्यम नोंदणी कुठल्याही छोट्या धंद्याची होते आणि ती मोफत आहे. त्यातून धंदा नोंदलाय एवढंच कळतं, तो चांगलं शिकवतो की नाही हे कळत नाही. आयएसओचा शिक्का म्हणजेही अभ्यासक्रमाला सरकारी मान्यता नव्हे. कोणी 'सरकारमान्य' म्हणत असेल तर सरळ विचारा, कोणत्या सरकारी संस्थेची मान्यता, कोणत्या नंबरची, आणि ती कुठे तपासायची?

जे कुणीच शिकवत नाही

चावीवाल्याच्या हाती लोक आपलं घर देतात. ही अमानत आहे. कपाटाची चावी बनवण्याच्या बहाण्यानं घरात शिरून दागिने लंपास केल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. त्यामुळे नव्या चावीवाल्याकडे लोक आधी संशयानंच बघतात, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत हा संशय जरा लवकरच येतो, हे मी वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घरफोडीची हत्यारं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. पिशवीत कुलूप उघडण्याची अवजारं घेऊन रात्री अकरा वाजता फिरणाऱ्या मुलाला आपलं काम सिद्ध करता आलं पाहिजे. त्यासाठी नोंदवही लागते. ग्राहकाचं नाव, फोन, ओळखपत्र, गाडी असेल तर आरसी, तारीख आणि सही. घर त्या माणसाचंच आहे याची शेजाऱ्यांकडून खात्री करायची. साबण किंवा मातीवर घेतलेल्या छापावरून कोणी चावी मागितली तर हात जोडून नाही म्हणायचं. जुने उस्ताद हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. सात दिवसांच्या कोर्समध्ये आमच्या मुलाला यातलं एक वाक्यही सांगितलं गेलं नव्हतं.

मग करायचं काय?

छोटा कोर्स वाईटच असतो असं नाही. ज्याचा हात आधीच बसलाय, त्याला कारची चिप शिकायला पाच दिवसांचा कोर्स उपयोगी पडू शकतो. शून्यातून सुरू करणाऱ्याला तो पुरत नाही.

सरकारचं उदाहरण घ्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात कुलूप कारागीरही आहेत. प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. पुढे ५ टक्के व्याजानं, तारण न ठेवता, आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. पण अट अशी की माणूस नोंदणीच्या वेळी तो व्यवसाय करत असला पाहिजे, वय किमान १८ आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. म्हणजे सरकारही आठवड्याभराचं प्रशिक्षण देतं ते आधीच काम करणाऱ्याला. आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या चावीवाल्या चाचांनी अजून नोंदणी केली नसेल, तर त्यांना सीएससी केंद्रावर घेऊन जा.

नवीन मुलासाठी रस्ता साधा आहे. सहा महिने ते वर्षभर उस्तादाजवळ बसायचं. कानशी, व्हाइस आणि कोऱ्या चाव्या एवढ्यावर सुरुवात करायची. डुप्लिकेट चाव्यांच्या कमाईतून मशीन घ्यायची, आणि कारचं काम सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर फिटरचा आयटीआय करून मग यात उतरलेलं उत्तम.

फी भरण्याआधी हे विचारा

• वर्गात किती मुलं, मशीन किती?
• खरी, जुनी, गंजलेली कुलपं हाताळायला मिळतील का?
• शिकवणाऱ्याचं स्वतःचं दुकान आहे का? एक दिवस तिथे बसू देतील का?
• मागच्या बॅचमधल्या तीन मुलांशी, मालक समोर नसताना, बोलता येईल का?
• किट घेणं सक्तीचं आहे का? त्याची बाजारात किंमत काय?
• काम बिघडलं तर फोनवर मदत किती महिने, आणि ते लिहून देणार का?
• फीची पक्की पावती मिळेल का? मधेच सोडलं तर किती पैसे परत?

उत्तरं गोलमोल आली तर उठून यायचं. 'आजच भरा, उद्या फी वाढणार' असं कोणी म्हणालं, तर हमखास उठून यायचं. आधीच फसवणूक झाली असेल तर पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि मेसेज जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

आमचा तो मुलगा आता एसटी स्टँडजवळ एका बुजुर्ग चाचांकडे बसतो. पहिले दोन महिने त्यांनी त्याला फक्त कानस मारायला लावली. परवा भेटला तेव्हा बोटं काळी झालेली होती. म्हणाला, "सर, आता चावी अडली तर का अडली ते सांगता येतं." अम्मीचं कानातलं अजून सुटलेलं नाही. दर शनिवारी तो त्यासाठी थोडे पैसे बाजूला काढतो.