घोंगडं: खांद्यावरचं आणि तोंडातलं

रस्त्याचं रुंदीकरण रखडलं, धरणग्रस्तांचं पुनर्वसन लांबलं, शिक्षकभरती अडली, की मराठी वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘भिजत घोंगडं’ हजर. निवडणूक जवळ आली की गावोगाव ‘घोंगडी बैठका’. धनगर समाजाच्या मेळाव्यात पाहुण्याला पिवळा फेटा बांधतात, काठी आणि घोंगडं देतात. पाहुणा ते खांद्यावर टाकून फोटोपुरता मेंढपाळ होतो. शब्दाची एवढी चलती आहे. पण खरं, हातमागावर विणलेलं घोंगडं शेवटचं कधी हाताला लागलं, असं विचारलं तर बहुतेकांना आजोबांच्या घरापर्यंत मागं जावं लागेल.

घोंगडं सुरू होतं दख्खनी मेंढीपासून. लोणंद, सोलापुरी, संगमनेरी, कोल्हापुरी असे तिचे पोटप्रकार. कमी पावसाच्या, काटेरी झुडपांच्या मुलखात मैलोन् मैल चालणारं हे काटक जनावर आहे. त्याची लोकर राठ, केसाळ आणि आखूड धाग्याची. मऊ मेरिनो लोकरीची सवय झालेल्या हाताला ती टोचते. पण ही लोकर स्वेटरसाठी नव्हतीच. पावसात, बाभळीच्या काट्यात, ढेकळांच्या रानात वर्षानुवर्षं टिकेल असं काही हवं होतं, आणि त्या कामाला हाच राठपणा उपयोगी पडतो. रंगाचीही भानगड नाही. काळी मेंढरं जास्त, म्हणून घोंगडं काळं. करड्या-पांढऱ्या लोकरीचे पट्टे काठाला. बारकाईनं पाहिलं तर त्या काळ्यातही तपकिरी छटा असतात आणि उन्हानं त्या आणखी उठून दिसू लागतात.

वर्षातून दोनदा मेंढरं धुऊन कातरतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. बाळाच्या पहिल्या केसांना आपण जे म्हणतो तेच नाव इथंही. जावळाचं घोंगडं सगळ्यांत मऊ, म्हणून महाग. पुढचं काम अनेक हातांत वाटलेलं असतं. लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं. सूतकताई बहुतेक बायकांकडे, आणि त्या कष्टाचा मोबदला नेहमीच सगळ्यांत कमी. विणकाम सणगर समाजाचं आणि धनगरांमधल्या खुटेकरांचं. कोल्हापुरात सणगर गल्ली आजही आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडचं नाव घोंगड्यांसाठी जुनं. माग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो.

या सगळ्यात मला सर्वांत हुशारीची वाटते ती खळ. लोकरीचं हाताचं सूत केसाळ असतं; तसंच ताण्याला लावलं तर मागावर धागे एकमेकांना धरतात आणि तुटतात. म्हणून चिंचोके भाजून, टरफलं काढून, दळून, शिजवून त्यांची खळ करतात आणि ताणलेल्या धाग्यांवर कुंच्यानं चोपडतात. धागा गुळगुळीत आणि ताठ होतो. नवं घोंगडं पत्र्यासारखं कडक लागतं ते या खळीमुळे. चिंच दारात, मेंढरं रानात. अख्ख्या कापडाला बाहेरगावाहून आणावं असं काही लागत नाही. (‘जेन’ हा याचा भाऊबंद, पण वेगळा: तो विणत नाहीत. लोकरीचे थर ओले करून, लाटून, तुडवून त्याचा जाड नमदा करतात.)

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. धाग्यावरचा मेणचटपणा आणि राठ केस यांमुळे पावसाचे थेंब वरच्या वर घरंगळतात. म्हणून एका टोकाची खोळ करून डोक्यावर घेतलं की पाठीवरून गुडघ्यापर्यंत माणूस झाकला जातो आणि हात काठीला मोकळे राहतात. मात्र एकदा का घोंगडं पूर्ण भिजलं की संपलं. ते अंगावर घेववत नाही, पिळता येत नाही आणि पावसाळी हवेत दिवसेंदिवस वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ म्हणजे लांबणीवर पडलेलं काम, हे शाळेतल्या वाक्प्रचारांच्या यादीतून कळतं. ते नेमकं कशानं झोंबतं हे ओलं घोंगडं उचलल्याशिवाय कळत नाही. ‘घोंगडं अडकणं’ हेही तसंच. ज्याच्याकडे अंथरायला, पांघरायला आणि पावसाला एकच वस्तू आहे, त्याची ती दुसऱ्याच्या हातात अडकली, तर तो तिथून हलणार कसा?

एका वस्तूनं किती कामं करावीत! रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, बाजाराला निघताना गाठोडं. जेजुरीच्या खंडोबाची तळी उचलायची तर खाली घोंगडं हवं. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. आणि ज्या घरांत मेंढपाळाला ओटीच्या पुढे प्रवेश नव्हता, तिथं सोवळ्यात नेसायला लोकरीची धाबळी चालायची. लोकर विटाळत नाही, असं शास्त्र. लोकर ज्याच्या हातून आली त्याला मात्र ही सवलत नव्हती. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये पंढरीच्या देवाचा माग गोपजनांच्या दैवतापर्यंत नेला आणि गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या शोधात धनगरवाड्यांवर हिंडला. घोंगड्याचा इतिहास लिहायचा तर या दोघांच्या वाटेनंच जावं लागेल. शहरी वाचकाला मेंढपाळांचा मुलूख प्रामुख्यानं भेटला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तून.

आता बैठकीचं. घोंगडं अंथरलं की खुर्ची जाते. सगळे एकाच पातळीवर मांडी घालून बसतात. पुढारी बसला तरी त्याच्याकडे मान वर करून बघावं लागत नाही. राजकारणाला हे फार लवकर कळलं. सभा म्हणजे भाषण आणि घोंगडी बैठक म्हणजे ऐकणं, असा समज या शब्दात आयता मिळतो. २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांच्या घोंगडी बैठकांनी तो राज्यभर पोचवला. त्याआधीही अनेक पक्षांनी हा शब्द वापरला होता. यातल्या किती बैठकांना खाली खरं घोंगडं असतं, हा प्रश्न खवचट आहे, पण विचारावा असा आहे. बऱ्याच ठिकाणी सतरंजी असते. काही ठिकाणी तर प्लास्टिकच्या खुर्च्या.

घोंगडं मागे पडलं ते स्वस्त ब्लँकेटमुळे आणि रेनकोटमुळे, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण मेंढीत आहे. मेंढपाळाचं पोट आता लोकरीवर नाही, मटणावर आहे. लोकरीच्या पैशांतून कातरणाऱ्याची मजुरीही धड सुटत नाही. कितीतरी वाड्यांवर कातरलेली लोकर तशीच टाकून देतात. मग कळपात कोणता नर सोडायचा, हा निर्णय बदलतो. जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, पोपटासारख्या नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची मेंढी वजनाला भारी आणि किमतीलाही. तिच्या अंगावर लोकर मात्र नावापुरती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीतलं जनुक आणून जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मेंढपाळाच्या दृष्टीनं हे शहाणपणच, आणि घोंगड्याच्या प्रेमापोटी त्यानं तोट्यात राहावं असं म्हणायचा हक्क शहरातल्या माणसाला नाही. पण मागाला अनुदान द्या, विणकराचा सत्कार करा, प्रदर्शनं भरवा, या सगळ्या योजना मागापासून सुरू होतात, आणि धागा त्याच्या कितीतरी आधीच तुटलेला असतो. काळ्या, राठ लोकरीला भाव मिळाला तरच काळी मेंढी कळपात राहील.

भाव मिळण्याच्या काही वाटा दिसतात. तेलंगणातही हीच दख्खनी लोकर आणि जवळपास हेच नाव, गोंगडि. तिथं या कापडाचे शेतात घालायचे बूट केले गेले. चिखलात आणि उन्हात लोकर पायालाही तेच करते जे पाठीला करत आली. हे नाव तिथं आडनावातही आहे. २०२५ च्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात शतक ठोकून मालिकावीर ठरलेली भद्राचलमची त्रिशा, तिचं पूर्ण नाव गोंगडि त्रिशा.

आपल्याकडे ऑनलाइन दुकानांतून जावळाची घोंगडी पुण्या-मुंबईला जातात, पारायणाला, ध्यानाला, पाठदुखीला म्हणून. पाठदुखीचं मी काही सांगत नाही. मात्र घोंगड्याच्या नावाखाली यंत्रावरचं ॲक्रिलिकही विकलं जातं, काळ्या रंगाचं, काठाला पट्टे काढलेलं. घेताना काठाचा एखादा धागा मागून घ्यावा आणि काडी लावावी. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येईल, ज्योत बाजूला घेतली की बहुतेक आपोआप विझेल आणि राख चिमटीत चुरा होईल. ॲक्रिलिक असेल तर वितळून कडक काळा मणी बनेल. दुकानदार धागा द्यायला कुरकुरला तर काडीपेटी खिशातून काढायचीही गरज नाही.