‘पाणी शिरलं नाही ना?’ – ‘हो…’. या ‘हो’चा अर्थ काय? डच भाषेकडे आहे वेगळा शब्द

जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी नद्यांना पूर आला, महाड शहर पाण्यात गेलं. समजा, अशा रात्री पोलादपूरहून कुणी महाडला फोन लावला: “आत्या, घरात पाणी शिरलं नाही ना?” पलीकडून “हो…” एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला. पाणी शिरलं की नाही?

गोंधळ कुठे होतो?

मराठीत ‘हो’ बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो: “हो, नाही शिरलं.” पण काही जण घडलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणतात: “हो, शिरलं ना!” पुढचं वाक्य ऐकू आलं नाही, तर अर्थ अधांतरी राहतो.

डचमध्ये काय करतात?

नेदरलँड्समध्ये गेलेल्या मराठी माणसाला डच शिकताना हाच प्रश्न पडतो. “कॉम यं नीत?” म्हणजे “तू येत नाहीस का?” येणार नसाल तर उत्तर ‘ने’, म्हणजे नाही. येणार असाल तर नुसतं ‘या’ (हो) नव्हे, ‘यावेल’. नकारार्थी प्रश्न खोडून “येतोय की!” सांगणारा हा खास शब्द. मराठी सवयीने “हो, नाही येत” या अर्थी ‘या’ म्हटलं, तर समोरचा बुचकळ्यात पडतो.

शब्दांची जागाही वेगळी

हो-नाही प्रश्नात डच क्रियापद सुरुवातीला येतं. ‘यं कॉम्ट’ (तू येतोस) याचा प्रश्न होतो ‘कॉम यं?’ आणि क्रियापदाचा शेवटचा ‘ट’ गळतो. नकाराचा ‘नीत’ मागे राहतो: “कॉम यं मॉर्खन नीत?” (उद्या येत नाहीस का?) ‘वेळ’सारख्या अनिश्चित नामाला मात्र ‘नीत’ऐवजी ‘खेन’ लागतो: “हेप यं खेन टाइट?” (तुला वेळ नाही का?)

मराठीत क्रियापद हलत नाही, ‘का’ हलतो. “येत नाहीस का?” हा हो-नाही प्रश्न; “का येत नाहीस?” म्हटलं की कारण विचारलं जातं.

मग फोनवर काय विचारायचं?

‘यावेल’ मराठीत नाही, पण प्रश्न सरळ करता येतो: “पाणी कुठपर्यंत आलंय?” किंवा “तुम्ही माळ्यावर आहात की खाली?” आणि उत्तर देणाऱ्याने नुसतं ‘हो’ न म्हणता क्रियापदासकट बोलावं: “नाही शिरलं.” दोनच शब्द, पण अर्थ पक्का.