वेबसाइटचा सातबारा गटाच्या नावावर हवा



गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. "ताई, आपल्या मालाची वेबसाइट करायची का? एक मुलगा स्वस्तात करून देतो म्हणतो." विचार चांगला आहे. पण हो म्हणण्याआधी आमची फजिती ऐका.

आमच्या गावातल्या चार गटांनी मिळून केळीचे वेफर्स, बिबड्या आणि उडदाचे पापड विकायला वेबसाइट करून घेतली. 18,000 रुपये ठरले. सगळे आधीच दिले आणि रोख दिले. ओळखीचाच मुलगा, त्याच्याकडे पावती काय मागायची, असे आम्हालाच वाटले. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर वेबसाइट बंद पडली. चौकशी केल्यावर कळले, की वेबसाइटचे नाव त्याने स्वतःच्या नावावर घेतले होते आणि त्याची मुदत संपली होती. तो बाहेरगावी नोकरीला लागला होता. फोन उचलेना. इकडे 2,000 पाकिटांवर तोच पत्ता छापलेला. रात्री जागून एकेका पाकिटावर चिठ्ठी चिकटवली.

त्याहून वाईट म्हणजे बैठकीत दोघी जणींनी विचारले, "पैसे देताना आम्हाला विचारलं होतं का?" आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण ठरावच घेतला नव्हता. शेवटी एक आजी म्हणाल्या, "पैसा गया, पण अक्कल उनी." ती अक्कल तुम्हाला फुकटात मिळावी म्हणून आज हे बोलणे.

आधी गरज आहे का ते बघा

गिऱ्हाईक आसपासचेच असेल, तर व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचे फोटो आणि भाव टाकता येतात. गूगलच्या नकाशावर गटाचे नाव आणि पत्ता नोंदवता येतो. दोन्हींना पैसे लागत नाहीत. उमेद अभियानाचे उमेदमार्टही आहे, त्याबद्दल तालुक्याच्या उमेद कक्षात विचारा. पुण्या-मुंबईहून पुन्हा पुन्हा मागणी येऊ लागली आणि कुरिअरने माल पाठवायची घडी बसली, की मग स्वतःच्या वेबसाइटचा विचार करा.

नाव म्हणजे सातबारा

वेबसाइटमध्ये दोन गोष्टी असतात. एक तिचे नाव, त्याला डोमेन म्हणतात. दुसरी तिची जागा, तिला होस्टिंग म्हणतात. नाव हा आपला सातबारा समजा आणि जागा हा भाड्याचा गाळा. गाळा बदलता येतो, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर आपण कोण? दोन्हींचे पैसे मुदतीत भरावे लागतात. नावाची मुदत संपली आणि कुणीच पैसे भरले नाहीत, तर काही काळाने ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

म्हणून गटाचा वेगळा ईमेल काढा. नाव घेताना मालक म्हणून गट किंवा गटाच्या अध्यक्ष आणि तोच ईमेल द्या. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून गटाच्या पेटीत ठेवा. पदाधिकारी बदलल्या, की पासबुकासारखाच हा कारभारही नव्या ताईंकडे द्या आणि ईमेलला जोडलेला मोबाइल नंबर बदला. हे राहून गेले, तर कुणी न फसवताही वेबसाइट हातची जाते.

माणूस कसा पारखायचा

त्याने आधी केलेल्या तीन वेबसाइट मागा आणि आपल्या गावच्या रेंजमध्ये, आपल्याच मोबाइलवर उघडून बघा. मराठी अक्षरे नीट दिसतात का? पान उघडायला फार वेळ लागतो का? मग त्या मालकांना फोन करा. तीनच प्रश्न विचारा. काम वेळेवर दिले का? बंद पडल्यावर किती दिवसांत दुरुस्त केले? पासवर्ड तुमच्याकडे आहेत का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर समजून घ्या.

"गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो" अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा. अशी हमी कुणालाच देता येत नाही. आणि तुमच्या बँकेचा ओटीपी मागणाऱ्याला तर तिथूनच नमस्कार करा.

कागद आणि हप्ते

आधी बैठकीत ठराव घ्या. मग साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा: किती पाने, किती वस्तूंचे फोटो, कोणती भाषा, तयार कधी होणार, दरवर्षी किती खर्च, बिघाड झाल्यास कोण बघणार. पैसे तीन हप्त्यांत आणि बँकेतूनच द्या. सुरुवातीला थोडे, काम दाखवल्यावर थोडे आणि सगळे पासवर्ड हातात आल्यावरच शेवटचा हप्ता.

पैसे कुणाच्या खात्यात येतात?

गिऱ्हाइकाने वेबसाइटवर भरलेले पैसे थेट गटाच्या खात्यात यायला हवेत. "सध्या माझं खातं जोडतो, नंतर बदलू" हे ऐकू नका. सुरू करण्याआधी दहा रुपयांची खरेदी स्वतः करून बघा. पैसे जमा व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात, पण ते पासबुकात दिसेपर्यंत वेबसाइट कुणाला सांगू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हेही सगळ्या जणींना माहीत हवे. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा.

एक शेवटचे. वेबसाइटवर जे लिहिले जाते, त्याची जबाबदारी आपली. पाकिटावरचा 14 अंकी अन्न परवाना क्रमांक तिथेही टाका. जळगावच्या केळीला आणि भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याचा शिक्का नोंदणी झालेल्यांनाच वापरता येतो. शोभेसाठी तो आपल्या वेफर्सवर लावू देऊ नका.

आम्ही पुढच्या वर्षी नव्या नावाने पुन्हा सुरुवात केली. काम तालुक्याच्या गावातल्या एका मुलीने केले. तिने पहिल्याच भेटीत विचारले, "ताई, नाव कुणाच्या नावावर घेऊ?" असा प्रश्न आपण होऊन विचारणारा माणूस शोधा. आणि तुमची वेबसाइट आधीच झालेली असेल, तर येत्या बैठकीत एवढेच विचारा: ती कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते आणि पासवर्ड कुठे आहे? उत्तरे मिळाली, की ती इतिवृत्तात लिहून ठेवा.