परदेशी शाळेतील इंग्रजीचा सहायक शिक्षक : जपानमधील दिनक्रम

तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेव हे क्षेत्र मुक्ताईनगर तालुक्यात आहे. चौदाशे वर्षांच्या योग्याने वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताईला गुरू मानल्याची कथा या परिसरात घरोघरी सांगितली जाते. पूर्वी एदलाबाद या नावाने ओळखला जाणारा हा तालुका केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तथापि येथील पदवीधर तरुण-तरुणींची संख्याही आता थोडी नाही. इंग्रजी विषय घेऊन बी. ए., बी. एड. झालेल्यांना शिक्षकाच्या जागेसाठी अनेकदा दीर्घकाळ वाट पाहावी लागते. अशा वेळी परदेशातील शाळांत भाषेचे सहायक शिक्षक म्हणून जाता येते, ही वार्ता काहींच्या कानावर येते. जपानचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

जपान सरकारने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांमध्ये बोलावण्याची 'जेट' ही योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार इंग्रजीभाषी देशांतून ८४८ जण आले. पुढे इतर अनेक देशांना ती खुली झाली. करार एका वर्षाचा असतो आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढविता येतो. याखेरीज काही नगरपालिका स्वतः, तर काही खासगी संस्थांमार्फत असे सहायक नेमतात. तेथे २०११ पासून पाचवी-सहावीच्या वर्गांत इंग्रजीचा परिचय सक्तीचा झाला. २०२० पासून त्या वर्गांत इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीतही तोंडओळख सुरू झाली. सहायकांची गरज त्यामुळे प्राथमिक शाळांतही वाढली.

सहायक हा वर्गाचा मुख्य शिक्षक नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि शिस्त यांची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे असते. सहायकाने उच्चार ऐकवावेत, संवाद करून दाखवावेत, खेळ घ्यावेत आणि मुलांना बोलते करावे, अशी अपेक्षा असते. व्याकरण पाठ असलेली परंतु तोंड उघडावयास बिचकणारी मुले आपल्याकडील शिक्षकांना अपरिचित नाहीत; जपानी शिक्षकांचीही हीच तक्रार असते.

दिवस सकाळी लवकर सुरू होतो. शाळेच्या दाराशी बाहेरचे बूट काढून आत वापरावयाचे निराळे बूट घालावे लागतात. शिक्षकांच्या सामायिक खोलीत सर्वांना अभिवादन करून आपल्या मेजाशी बसावयाचे आणि जपानी सहकाऱ्याबरोबर पाठाची आखणी करावयाची. प्राथमिक शाळेत तास ४५ मिनिटांचा, तर कनिष्ठ माध्यमिक शाळेत ५० मिनिटांचा असतो. एकाच सहायकाकडे दोन-तीन किंवा अधिक शाळा असणे हे नित्याचेच आहे. नव्या वर्गात पहिला पाठ बहुधा स्वतःच्या परिचयाचा असतो. केळीच्या बागेचे किंवा वारीचे एखादे छायाचित्र त्या वेळी पाठ्यपुस्तकातील पानभर मजकुरापेक्षा अधिक उपयोगी पडते.

दुपारचे जेवण हा तेथील शिक्षणाचाच भाग मानला जातो. पांढरे झगे आणि टोप्या घातलेली मुले आपल्या वर्गाला वाढतात. सहायकही पुष्कळदा त्यांच्यातच बसतो. शाकाहारी मनुष्याची अडचण मात्र येथेच सुरू होते. वरकरणी भाजीच्या दिसणाऱ्या सारातही माशाचा अर्क असतो. त्यामुळे ही बाब आधीच मुख्याध्यापकांना सांगून स्वतःचा डबा नेलेला बरा. जेवणानंतर मुले स्वतः वर्ग आणि जिने झाडतात-पुसतात, तेव्हा सहायकाने खुर्चीवर बसून राहणे शोभत नाही.

नेमणूक बहुधा लहान गावी असते. राहण्याची जागा ठरताच १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. काही ठिकाणी घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज मालकाला परत न मिळणारी भेट-रक्कम द्यावी लागते, जामीनदारही लागतो. म्हणून पहिला पगार हाती येईपर्यंतची तरतूद जवळ असावी. कचरा कोणत्या वारी कोणता टाकावयाचा, याचे वेळापत्रक शेजारी कसोशीने पाळतात. सर्वांत जड जातो तो एकटेपणा. शाळा सुटल्यावर इंग्रजी बोलणारे कोणी भेटत नाही. जपानी भाषेचे प्राथमिक ज्ञान नोकरीसाठी नसले तरी जगण्यासाठी अवश्य मिळवावे.

माध्यमाची अट

खानदेशातील उमेदवारांच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. जपानच्या प्रवेश-निवास नियमांनुसार परकी भाषा शिकविणाऱ्याने सर्वसाधारणपणे किमान १२ वर्षांचे शिक्षण त्या भाषेतून घेतलेले असावे लागते. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत पदवी मिळविलेला तरुण येथेच अडतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले; परंतु इंग्रजी विषय शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या भिन्न गोष्टी आहेत. घरी लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी आणि मग इंग्रजी असा प्रवास केलेल्या शिक्षकाला नव्या भाषेचा संकोच कसा मोडतो हे स्वानुभवाने ठाऊक असते. मोजणीच्या नियमात या अनुभवाला जागा नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

अशा उमेदवारांना अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेची माहिती असावी. तिच्यातील भाषा-सहायक शाखेतून भारतातील इंग्रजीचे तरुण शिक्षक अमेरिकी विद्यापीठांत गेले आहेत. मात्र ते तेथे शिकवितात ती भारतीय भाषा. सुमारे नऊ महिन्यांच्या या मुक्कामात आठवड्याला २० तासांपर्यंत अध्यापन आणि सोबत स्वतःचे अभ्यासक्रम, असे कामाचे स्वरूप असते. कोणत्या भाषा आणि किती जागा हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीवरून पाहावे.

जपानसाठी अर्ज करू इच्छिणाऱ्याने शाळा सोडल्याचे दाखले आणि माध्यमाचे प्रमाणपत्र जुळवून त्या देशाच्या दूतावासाकडे लेखी विचारणा करावी. मध्यस्थ असल्यास परराष्ट्र मंत्रालयाकडे त्याची नोंदणी आहे काय, याची खात्री करून घ्यावी. करारपत्रात कामाचे तास, सुट्टीच्या महिन्यांतील वेतन, विमा आणि परतीचे भाडे यांचा उल्लेख आहे किंवा नाही हे सही करण्यापूर्वी तपासावे आणि माध्यमाच्या अटीचे लेखी उत्तर येईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नयेत.