मोटारीतील ऊब

थंड प्रदेशात मोटारीत बसलेल्या प्रवाशाला जी ऊब मिळते, ती कोठून येते? मोटारीत विजेची शेगडी असावी, अशी पुष्कळांची समजूत असते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तसे काही असतेही. परंतु पेट्रोलच्या मोटारीची गोष्ट निराळी आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी निम्म्याहून कमी उष्णता चाके फिरविण्याच्या कामी येते. बाकीची वाया जाते. इंजिन फार तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळविलेले असते. हेच तापलेले पाणी चालकासमोरील फळीच्या मागे बसविलेल्या एका जाळीत आणतात आणि पंखा त्या जाळीतून वारा सोडतो. ही ऊब जवळजवळ फुकटचीच म्हणावयाची! मात्र इंजिन तापेपर्यंत ती मिळत नाही.

ह्या वाऱ्यात विष नसते. विष असते ते इंजिनाच्या धुरात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य शरीरभर प्राणवायू वाहून नेते. परंतु ह्या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहूनही अधिक घट्ट धरून ठेवते. मग प्राणवायूला जागा कोठून उरणार? प्रथम डोके दुखते, मळमळते, नंतर गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर एवढीही सूचना मिळत नाही.

धावत्या मोटारीचा धूर मागच्या मागे उडून जातो. पण मोटार बर्फात अडकली आणि धुराच्या नळीचे तोंड बुजले, तर तोच धूर तळच्या फटींतून आत शिरतो. २०२२ सालच्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी ह्या थंड हवेच्या गावाजवळ हिमवर्षावात शेकडो मोटारी अडकल्या. ऊब मिळावी म्हणून लोकांनी काचा लावून इंजिने चालू ठेवली. त्या आपत्तीत वीसहून अधिक माणसे दगावली. काही थंडीने, तर काही ह्या धुराने, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते.

अशा प्रसंगी जाणते चालक आधी खाली उतरून नळीभोवतीचा बर्फ दूर करतात. इंजिन तासाला सुमारे दहा मिनिटेच चालवितात आणि तेवढा वेळ एक काच बोटभर उघडी ठेवतात. कडाक्याच्या थंडीत काच उघडणे वेडेपणाचे वाटते खरे. पण थोडी ऊब गेली तर पुन्हा मिळविता येते. बंद गॅरेजात तर इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. तेथे धुराला वाटच नसते.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. येथे ह्या यंत्राची खरी गरज भासते ती पावसाळ्यात, घाट चढताना. प्रवाशांच्या श्वासातील आणि भिजलेल्या कपड्यांतील बाष्प गार काचेवर साचते व समोरचे वळण दिसेनासे होते. फडक्याने पुसावे, तर काच पुन्हा धूसर! आतलीच हवा फिरविणारे बटण त्या वेळी बंद करावे, म्हणजे बाहेरची हवा आत येते. त्याबरोबर थंड हवेचे यंत्र आणि ऊब ही दोन्ही चालू करून वारा काचेवर सोडावा. थंडी व ऊब एकाच वेळी, हे विचित्र वाटेल. परंतु गार जाळीवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि अशी कोरडी झालेली हवा मग गरम होऊन काचेवर येते. उभ्या मोटारीखाली जे थेंब टपकताना दिसतात, ते ह्याच पाण्याचे होत.