वस्तू फिरते, कॅमेरा थांबतो : टर्नटेबलवर थ्रीडी मॉडेल कसं बनवायचं?

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना फोटोग्रामेट्री समजायला फार वेळ लागणार नाही. मधोमध गोलाई आणि तिला चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून एकेक फोटो काढा. एखाद्या दुकानाची पाटी एका फोटोत डाव्या कडेला दिसेल, शेजारच्या रस्त्यावरून तीच पाटी मध्ये सरकलेली दिसेल. कोणती खूण किती सरकली यावरून कॅमेरा कुठे उभा होता आणि ती खूण त्याच्यापासून किती लांब होती, हे दोन्ही गणिताने काढता येतं. अशा हजारो-लाखो खुणांचा हिशेब कॉम्प्युटरने केला की साध्या फोटोंमधून थ्रीडी मॉडेल तयार होतं. कल्पना नवी नाही. अल्ब्रेख्त मायडेनबाउअर या जर्मन स्थापत्यतज्ज्ञाने इमारतींची मापं फोटोंवरून घ्यायची पद्धत बसवली आणि ‘फोटोग्रामेट्री’ हा शब्द १८६७ मध्ये छापून आला. तेव्हा हिशेब माणसं करायची, आता सॉफ्टवेअर करतं, एवढाच फरक.

इमारतीभोवती आपल्यालाच फिरावं लागतं. पण हातात मावणाऱ्या वस्तूभोवती कॅमेरा घेऊन फिरणं कटकटीचं असतं. आपलीच सावली पडते, हात हलतो, अंतर कमीजास्त होतं. म्हणून उलटं करायचं: कॅमेरा ट्रायपॉडवर एका जागी ठेवायचा आणि वस्तू फिरवायची. यासाठी महागडं काही लागत नाही. केक सजवायला वापरतात तो फिरता स्टँड चालतो, गणपतीच्या मखरातला फिरता पाटही चालतो (फक्त मोटर बंद करून हाताने फिरवा).

मी नांदेडला राहतो, पण या लेखातली वस्तू लातूर जिल्ह्यातल्या माझ्या आत्याकडची आहे. धान्य मोजायचा पितळी शेर. दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली, हे ज्यांना पाठ आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आत्याचं दगडमातीचं घर बसलं. ढिगाऱ्यातून ज्या मोजक्या वस्तू निघाल्या त्यात हा शेर होता, एका अंगाला भला मोठा पोचा घेऊन. आता तो आतेभावाबरोबर पुण्याला जाणार आहे आणि बाकीच्या भावंडांकडे त्या घरातलं दुसरं काहीच नाही. त्यामुळे मॉडेल हवं होतं ते पोच्यासकट. गुळगुळीत, ‘दुरुस्त’ झालेला शेर कोणालाच नको होता.

<b>सॉफ्टवेअरला काय वाटतं?</b>

टर्नटेबलचा सगळा खेळ एका गैरसमजावर चालतो. वस्तू फिरली, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. त्याला वाटतं वस्तू जागेवर आहे आणि कॅमेराच तिच्याभोवती फिरतोय. हा गैरसमज आपल्याला टिकवायचा असतो, आणि तो मोडणारी पहिली गोष्ट म्हणजे मागची भिंत. मागे कॅलेंडर, खिडकी, मांडणीवरचे डबे दिसत असतील तर ते सगळ्या फोटोंत एकाच जागी राहतात. सॉफ्टवेअर त्या खुणा धरतं आणि ठरवतं की कॅमेरा हललाच नाही. मग मॉडेलऐवजी एक चपटा गोळा हाती येतो.

उपाय दोन. एक म्हणजे मागे काहीच दिसू न देणं. न चमकणारं काळं कापड, शक्यतो मखमल, वस्तूपासून दोन-तीन फूट मागे लावा आणि त्यावर उजेड पडू देऊ नका. दुसरा उपाय मास्कचा: प्रत्येक फोटोत वस्तू सोडून बाकीचं झाकून टाकायचं. तो खात्रीचा आहे, पण दीडशे फोटोंसाठी वेळखाऊ.

आता गंमत बघा. मागे खुणा अजिबात नकोत, पण वस्तूच्या खाली त्या भरपूर हव्यात. फिरत्या पाटावर जुना पेपर अंथरा. बारीक छपाईची पानं सगळ्यात चांगली. पेपर वस्तूबरोबरच फिरतो, त्यामुळे त्यावरचं अक्षर न् अक्षर सॉफ्टवेअरच्या मदतीला येतं. शेरासारख्या गोल, सगळीकडून सारख्या दिसणाऱ्या वस्तूला ही मदत लागतेच, नाहीतर पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती यातच घोटाळा होतो. फक्त वस्तू उलटी करून बुडाचे फोटो घ्याल तेव्हा पेपर काढा किंवा मास्कने झाका. वस्तू उलटली पण पेपर सुलटाच राहिला, म्हणजे दोघांचं नातं बदललं. तिथे तोच पेपर दगा देतो.

<b>पितळ आणि पितांबरी</b>

आत्याने फोटोसाठी म्हणून शेर पितांबरीने घासून लख्ख करायला घेतला होता. मी हात धरला. चकाकी ही फोटोग्रामेट्रीची खरी वैरीण आहे. टर्नटेबलवर दिवा जागेवर असतो आणि वस्तू फिरते, त्यामुळे चमकणारा ठिपका धातूला चिकटून राहत नाही, तो दिव्याकडेच राहतो. सॉफ्टवेअर त्या ठिपक्यालाही खूण समजतं आणि तिथे मॉडेलला खड्डा किंवा फोड येतो. काळपट डाग, ओरखडे, जुनी कळा हे सगळं इथे आपल्या बाजूचं. उदगीरच्या पलीकडे बीदरला होणारं बिदरी काम यामुळेच अवघड: काळ्या अंगावर चांदीची चकचकीत नक्षी.

उजेड पसरवणं हा पहिला इलाज. दोन बाजूंना दोन एलईडी दिवे आणि त्यांच्यापुढे पांढरं धोतर ताणून बांधलं, काम झालं. तेवढ्याने भागलं नाही तर दिव्यावर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून तो इतका फिरवायचा की चमक मावळते. टाल्कम पावडरचा पातळ हात देणारे लोकही आहेत. घरच्या तांब्याला ठीक, पण जुन्या, नक्षीच्या, मौल्यवान वस्तूवर मी ते करणार नाही. पावडर नक्षीत बसते आणि मग काढताना ब्रश लागतो.

नव्याने शिकणाऱ्याने पितळाच्या वाटेला जाऊच नये. पोळ्याचे मातीचे बैल घ्या. भाजलेली माती चमकत नाही, तिच्यावर बोटांचे ठसे, भेगा, रंगाचे फराटे असतात, सॉफ्टवेअरला आयतं जेवण. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातल्या सातवाहनकाळच्या लहान मृण्मूर्ती पाहताना मला दर वेळी वाटतं, टर्नटेबल जणू यांच्यासाठीच निघालं. (अर्थात तिथे परवानगीशिवाय काही नाही.) याउलट कंधारला क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे जे अवशेष आहेत, तिथे टर्नटेबलचा उपयोग शून्य. तिथे गोलाईसारखं आपणच फिरायचं.

<b>प्रत्यक्ष फोटो</b>

गोलाईचे १६ रस्ते लहान वस्तूला कमी पडतात. शेजारच्या दोन फोटोंत निदान ६०-७० टक्के भाग सामाईक असावा, म्हणून दर १० अंशांना एक, म्हणजे एका फेरीत ३६ फोटो. पाटाच्या कडेला स्केचपेनने खुणा करून ठेवा. एक फेरी जवळपास समोरून, एक साधारण ४५ अंश वरून, एक आणखी वरून आत डोकावणारी. झाले १०८. मग वस्तू उलटी करून दोन फेऱ्या, ७२. शेराचं तोंड रुंद असल्याने आतला तळ मिळाला. अरुंद गळ्याच्या तांब्याचं पोट मिळणार नाही, तो नाद सोडा.

मोबाइल चालतो, पण त्याची हुशारी बंद करावी लागते. वस्तू जवळ आली की बरेच फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातात, मग अर्धे फोटो एका कॅमेऱ्याचे आणि अर्धे दुसऱ्याचे. ऑटो-मॅक्रो बंद करा, झूम हलवू नका, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. ब्यूटी, एचडीआर, पोर्ट्रेट काही नको. मोठा कॅमेरा असेल तर अपर्चर एफ ८ ते एफ ११, आयएसओ १००, शटर कितीही हळू चालेल, कारण ट्रायपॉड आहे. आणि आपल्याकडचं खास: मध्येच लाइट गेली तर आल्यावर ती फेरी पहिल्यापासून घ्या. खिडकीचा उजेड तोवर सरकलेला असतो.

फोटोंना स्वतःचं माप नसतं. मॉडेल शेराएवढं आहे की पाण्याच्या टाकीएवढं, हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. म्हणून पेपरवर शाळेची मोजपट्टी ठेवा आणि नंतर त्यावरच्या १० सेंटिमीटरवरून मॉडेलला माप द्या. मग आतलं आकारमानही काढता येतं आणि पाणी भरून पडताळता येतं.

सॉफ्टवेअरमध्ये मेशरूम फुकट आणि मुक्तस्रोत आहे, पण त्याच्या पूर्ण कामाला एनव्हीडियाचं ग्राफिक कार्ड लागतं. रिअ‍ॅलिटीस्कॅन, म्हणजे पूर्वीचं रिअ‍ॅलिटीकॅप्चर, घरगुती वापराला मोफत आहे. फोटो अपलोड करून घेणारी मोबाइल अ‍ॅप्सही आहेत. सोपी आहेत, मात्र फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात, हे लक्षात ठेवा.

एका फोटोवरून मॉडेल बनवून देणारी एआय साधनं आली असताना एवढा उपद्व्याप कशाला, असं आतेभावानेच विचारलं. त्याला सांगितलं, की तू समोरून फोटो दे, ते मागची बाजू अंदाजाने भरेल. अंदाजाने भरलेल्या मागच्या बाजूला पोचा नसतो.

मॉडेल सगळ्या भावंडांना पाठवलं. मूळ १८० फोटोही जपले आहेत, कारण पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच फोटोंतून आणखी चांगलं मॉडेल निघू शकतं. सोबत एक टेक्स्ट फाइल ठेवली: वस्तू कोणाची, कुठली, तोंडाचा व्यास किती, पोचा कधी आणि कशाने आला.